हवामामा आणि चौथा मजला

हवामामांना आमच्या इमारतीतून घालवलं त्याला आठ वर्षं झाली. 'घालवलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कागदावर 'बदली' असं लिहिलं आहे. तो कागद मीच तयार केला होता, त्यामुळे त्यातला कुठला शब्द किती खरा आहे ते मला माहीत आहे.

मी त्या इमारतीची ऊर्जा व्यवस्थापक. म्हणजे नेमकं काय करतेस, असं आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, कोणी दिवा चालू ठेवून गेलं की ओरडते. आई म्हणाली, "हे तर मी तीस वर्षं फुकट करतेय."

इमारत सात मजली, नवी कोरी. दक्षिणेच्या खिडक्यांवर खोल छज्जे होते, त्यामुळे उजेड आत यायचा पण ऊन बाहेरच अडायचं. उत्तरेला जमिनीपासून छतापर्यंत काच. दिवसा दिवे लावायची गरजच पडायची नाही, आणि लागलेच तर हालचाल थांबली की आपोआप विझायचे. एखादा माणूस विचारात गढून स्थिर बसला की त्याच्यावर अंधार व्हायचा. मग सगळे अधूनमधून हात वर करून हलवायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत फार माश्या झाल्यात.

पण माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे हवा. बंद इमारतीत बाहेरची ताजी हवा पंख्याने ओढून, गार करून आत सोडावी लागते, आणि वीज खरी तिथे जाते. म्हणून आम्ही प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर तळहाताएवढी एक डबी बसवली होती. माणसं श्वास सोडतात त्याने हवा किती जड झाली ते ती मोजायची. आकडा हजाराच्या पुढे गेला की छतावरची त्या मजल्याची झडप आपणहून उघडायची आणि ताजी हवा जास्त यायची. माणसं घरी गेली की झडप मिटायची. माणसं मोजून हवा देणारी इमारत, असं मी पाहुण्यांना सांगायचे. सांगताना मान जरा ताठच असायची.

ही सगळी यंत्रं चालवायचे हवामामा. वय छप्पन्न, बुटके, खिशात वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन. अठराव्या वर्षी ते बर्फाच्या कारखान्यात लागले. तिथे वायू गळायला लागला की आधी नाकाला कळायला हवं, नाहीतर मग काहीच कळत नाही. त्या कारखान्यात त्यांचं नाक तयार झालं. पुढे चौदा वर्षं एका सिनेमागृहाचं गार हवेचं यंत्र सांभाळलं. "पडदा कधी बघितला नाही, मॅडम," ते सांगायचे, "पण सिनेमा कसला ते मला मागच्या खोलीत कळायचं. रडका असला की हॉल दमट व्हायचा. भुताचा असला की घामाचा वास. आणि कंटाळवाणा असला की काहीच नाही, कारण माणसंच नाहीत."

त्यांच्या बायकोची वास घेण्याची शक्ती कुठल्याशा तापात कायमची गेली होती. त्यावरही त्यांचा विनोद तयार असायचा. "आमच्या घरात दोघांत मिळून एक नाक. दूध करपलं की मी ओरडतो, ती धावते. संसाराची अशी वाटणी आहे."

रोज सकाळी सव्वाआठला, कोणी यायच्या आत, ते एकेका मजल्यावर जाऊन मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. अर्धा मिनिट. मग वहीत काहीतरी टिपायचे आणि पुढे जायचे. दुपारी जेवणानंतर पुन्हा तसंच. एकदा एक नवी मुलगी लवकर आली होती. तिला वाटलं मामा प्रार्थना करताहेत, म्हणून तीही हात जोडून उभी राहिली. हे चौथ्या मजल्यावर घडलं आणि 'हवामामा' हे नाव तिथल्या लोकांनीच पाडलं. मामांना ते आवडलं असावं, कारण फोन उचलला की ते स्वतःच तसं म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी मोठ्या साहेबांनी ठरवलं की इमारतीला प्रमाणपत्र मिळवायचं. नियम सरळ होता. बारा महिन्यांचा वीजवापर एका ठरावीक आकड्याच्या आत हवा, आणि आतली हवा चांगली असल्याच्या नोंदी हव्यात. कागदोपत्री सगळी तयारी माझ्याकडे. साहेब म्हणाले, "इमारत तुमची आहे, मॅडम. नावही तुमचंच होईल." मला ते वाक्य फार गोड लागलं, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

आठ महिने सगळं ठीक चाललं. मग दुसरीकडचं एक ऑफिस बंद करून तिथली माणसं आमच्या चौथ्या मजल्यावर आणून बसवली. मजला चाळीस माणसांसाठी आखलेला. त्यात अठ्ठ्याहत्तर झाली. कडक उन्हाळा, आणि चौथ्याची डबी रोज दहा वाजताच हजाराच्या वर. झडप दिवसभर उघडी, बाहेरची तापलेली हवा आत, ती गार करायला यंत्रं धापा टाकताहेत. दहाव्या महिन्यात मी हिशेब मांडला. आम्ही मर्यादेच्या बाहेर जाणार होतो. थोडंसंच, पण बाहेर.

मोठ्या साहेबांना जाऊन सांगायचं होतं की मजल्यावर माणसं जास्त झाली आहेत, ती कमी करा किंवा प्रमाणपत्राचं विसरा. दोन वाक्यांचं काम. ते मी केलं नाही.

एका सुट्टीच्या दुपारी मी शिडी घेऊन चौथ्या मजल्यावर गेले आणि ती डबी टेबलांमधल्या भिंतीवरून काढून कोपऱ्यातल्या कपाटाच्या वर लावली. ताजी हवा ज्या जाळीतून आत येते तिच्या अगदी शेजारी. मनाशी म्हटलं, आधीची जागा घोळक्यात होती, तिथे मजल्याचं खरं चित्र दिसत नव्हतं. हे मनाशी म्हटलं, नोंदवहीत लिहिलं नाही. जे लिहायला हात धजत नाही ते काय असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जुन्या जागी भिंतीत दोन भोकं राहिली. त्यांच्यावर मी 'जाताना दिवा बंद करा' हा कागद चिकटवला.

सोमवारी अठ्ठ्याहत्तर माणसं कामाला आली आणि डबीने आकडा दाखवला पाचशे चाळीस. तिच्या नाकाशी सतत ताजी हवा, तिला वाटलं मजला रिकामाच आहे. झडप जवळजवळ मिटली. विजेचा आलेख खाली आला. यंत्राने काही खोटं केलं नाही. त्याला जे सांगितलं त्याप्रमाणे ते वागलं.

तिसऱ्या दिवशी हवामामा माझ्या केबिनमध्ये आले.

"मॅडम, चौथ्यावर दुपारी हवा शिळी असते."

"आकडा साडेपाचशे आहे, मामा."

"आकडा असेल. पण वर जाऊन झडप बघितली. बोटभर उघडी आहे. अठ्ठ्याहत्तर माणसांना बोटभर हवा." ते थोडे थांबले. "चौथ्याची डबी एकदा तुम्ही स्वतः बघून घ्या."

'स्वतः' वर त्यांनी जोर दिला नव्हता. निदान मला तेव्हा तसं वाटलं. मी म्हटलं, बघते. आणि बघितलं नाही, कारण बघण्यासारखं काय होतं ते मीच तिथे लावून आले होते.

आठवड्याच्या बैठकीत त्यांनी हा विषय पुन्हा काढला, सगळ्यांसमोर, मोठे साहेब बसलेले असताना. आणि घाबरलेला माणूस किती हुशारीने बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. मी हसून म्हटलं, "मामांचं नाक चांगलं आहे, पण नाकाला अजून कोणी प्रमाणपत्र देत नाही." सगळे हसले. मामासुद्धा हसले, कारण सगळे हसत असताना एकट्याने न हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते हसू आठवलं की मला आजही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर आलेख पुन्हा वर गेला आणि नऊ दिवस वरच राहिला. मी छतावर जाऊन पाहिलं. चौथ्याच्या झडपेची मोटर सोडवून ठेवलेली होती आणि झडप पूर्ण उघडून तारेने बांधलेली होती. तारेची गाठ नीटनेटकी, टोकं आत वळवलेली, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. अशी गाठ आमच्याकडे एकच माणूस मारायचा.

मी त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. आम्ही तिघंच.

"तार तुम्ही बांधलीत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही. माणसं दुपारी पेंगत होती, साहेब. डोकी धरून बसायची. झडप माझ्या ताब्यातली आहे, म्हणून उघडली."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, चौथ्यावरची हवा खराब आहे का? डबी काय म्हणते?"

हवामामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याला रस्ता ओलांडायचा असतो आणि आपण गाडी थांबवून त्याला आधी जाऊ देतो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला पुरेसा वेळ मिळाला. घड्याळ लावून सांगता येणार नाही, पण पुरेसा होता.

"डबी सगळं ठीक दाखवते," मी म्हटलं.

शब्दाला धरून पाहिलं तर यात काही खोटं नव्हतं. मी त्या काळात असंच नाकाने कांदे सोलत होते.

साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मामांची नोकरी घालवली नाही. फक्त म्हणाले, जो माणूस मोटर सोडवून यंत्राला तार बांधतो तो या इमारतीत नको. आमच्याच कंपनीचं एका बाजारपेठेखाली तीन मजली तळघर होतं, गाड्या ठेवायचं. तिथे धूर बाहेर फेकणारे पंखे चालू-बंद करायला माणूस हवा होता. आयुष्यभर ज्याने नाकावर पोट भरलं, त्याला आम्ही गाड्यांच्या धुरात पाठवलं. बदलीचा मसुदा मी केला. 'कामाच्या सोयीसाठी' असं लिहिलं.

जाण्याआधी दोन दिवस त्यांनी नव्या माणसाला सगळं समजावून दिलं. कुठला पंप कुरकुरतो, कुठला व्हॉल्व्ह अर्धा फेराच फिरवायचा. वही मात्र माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुमच्याकडे असू द्या," म्हणाले. मी ती न उघडता खणात टाकली आणि खण लावून घेतला.

प्रमाणपत्रासाठी तपासनीस आले ते जेवणानंतर. चौथ्या मजल्यावर बसून ते अर्ज भरत होते. 'हवेचा दर्जा' या रकान्यापाशी त्यांना तीन जांभया आल्या, चौथ्या जांभईला मान खाली गेली, आणि ते हातात पेन धरून झोपले. चौथ्यावरच्या अनुवादक ताईंनी अलगद पेन काढून बाजूला ठेवलं, कागदावर शाई लागू नये म्हणून. दहा मिनिटांनी जागे होऊन त्यांनी 'उत्तम' असं लिहिलं आणि प्रवासाचा शीण आहे हो, म्हणाले. हा किस्सा मी घरी जाऊन रंगवून सांगितला होता. आई हसली नाही. म्हणाली, "त्याला झोप का आली पण?" मी म्हटलं, जाऊ दे गं.

पितळी पाटी आली. प्रवेशद्वाराजवळ लागली. साहेबांनी माझी पाठ थोपटली, फोटो निघाले. माझं नाव खरंच झालं. दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं, मी गेले, आणि माणसं मोजून हवा देणाऱ्या इमारतीबद्दल बोलले.

त्यानंतर सातेक महिन्यांनी अनुवादक ताई जिन्यात भेटल्या. कपाळाला हात लावून कठड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोळ्यांचा नंबर वाढला असणार. वर्षात दोनदा चष्मा बदलला, पण दुपार झाली की डोकं ठणकायला लागतं ते लागतंच. सुट्टीच्या दिवशी मात्र बरं असतं. मला वाटतं काम झेपत नाही आता. राजीनामा द्यावा म्हणतेय." ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, तीन भाषा पाण्यासारख्या येणाऱ्या. स्वतःला म्हाताऱ्या आणि निकामी समजायला लागल्या होत्या. मी काय केलं? डॉक्टरांचं नाव सुचवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे लागली. पण सकाळी उठल्यावर आरशात बघून दात घासता येईनात.

आता पुढचं क्रम सोडून आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं कौतुक व्हायला नको. डबी परत जागेवर गेली. मी साहेबांना लेखी कळवलं. पाटी उतरली, चौथ्यावरची अडतीस माणसं दुसऱ्या मजल्यावर गेली, ताईंनी राजीनामा दिला नाही. मला दोन वर्षं बढती मिळाली नाही आणि ते फारच स्वस्तात पडलं. हवामामांना परत बोलावलं होतं. ते आले नाहीत. पण हे सगळं नंतरचं आहे. मला सांगायचंय ते यातलं काहीही करण्याआधीचं.

ताई भेटल्या त्याच्या दोन दिवसांनी मी त्या तळघरात गेले. हवामामांची माफी मागायची होती. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. हवामामा सगळ्यात खालच्या मजल्यावर एका पत्र्याच्या खोलीत होते. पंख्यांच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. मला बघून ते उठले, खुर्चीवरची धूळ झटकून ती मला दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. थोडे वाळले होते. मधूनच खोकत होते.

"इकडे कशा काय, मॅडम? गाडी शोधताय का?"

मी सगळं सांगितलं. शिडी, कपाट, जाळी, साहेबांची खोली. सांगता सांगता रडले. खरं रडले, त्यात नाटक नव्हतं. त्यांनी मधे अडवलं नाही.

"मला दुसऱ्याच दिवशी दिसली होती ती डबी," ते शेवटी म्हणाले. "कपाटावर कोण लावतं?"

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? साहेबांसमोर?"

"डबी तुमच्या खात्याची. तुमची चूक तुम्ही सांगायची असते, मी सांगितली तर ती चहाडी होते. साहेबांनी विचारलं होतं तुम्हाला. मला वाटलं, आता सांगतील. म्हणून गप्प बसलो." ते खोकले. "आमच्या बर्फाच्या कारखान्यात असंच होतं. ज्याच्या हातून वायू सुटायचा तोच आधी ओरडायचा. दुसऱ्याने ओरडायची वाट बघितली तर माणसं मरायची."

"मला माफ करा, मामा."

"अहो, मी काय मोठा लागून गेलोय? झालं ते झालं." त्यांनी हात असा हलवला की जणू विषय संपला. मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी रुमालाने डोळे पुसून चक्क निघायच्या तयारीला लागले. पर्स खांद्याला अडकवली.

तेव्हा त्यांनी विचारलं. टोचून नाही, एका कामगाराने दुसऱ्याला विचारावं तसं.

"मग चौथ्यावर हवा कधीपासून सोडलीत?"

पंखे चालू होते. मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. माझ्या डोक्यात तोपर्यंत ती गोष्ट आलीच नव्हती. शिडी चढून दोन स्क्रू काढायचे, पंधरा मिनिटांचं काम. ते न करता मी शहराच्या या टोकाला माफी मागायला आले होते, आणि अठ्ठ्याहत्तर माणसं त्या क्षणीही तिथे डोकी धरून बसली होती.

"अजून नाही," मी म्हटलं.

हवामामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. मग ते खोक्यावरून उठले, दार उघडून धरलं आणि मी बाहेर जायची वाट बघत उभे राहिले.